पानाच्या तळची ओळ

ही हकीकत सांगायची मी इतकी वर्षं टाळली. टाळायला फारसं काही करावं लागलं नाही, कारण खरी हकीकत कुणी विचारलीच नाही. तरुणपणी मी गोऱ्या साहेबाबरोबर गोल्फ खेळलो आहे एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुणे आले की नातवंडं ते सांगतात, आणि मग पगडी सांभाळत मी चेंडूला काठी कशी मारीत असे ते उभं राहून करून दाखवावं असा आग्रह होतो. मी दाखवतो. सगळे हसतात, मीही हसतो. त्या हशामागे मी चाळीस वर्षं लपलो आहे.

माझ्या खोलीत कपाटाच्या आड एक काठी उभी आहे, लोखंडी पात्याची. ती घेऊन दाखवा असं कुणी म्हटलं तर मी म्हणतो, ती नको, ती माझी नव्हे. पाहुण्यांना वाटतं म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा. ती काठी डाव्या हाताची आहे आणि मी उजवा आहे, एवढंच खरं तर सांगायचं. पण एवढं सांगितलं की पुढचं सगळं सांगावं लागेल. म्हणून आता लिहूनच ठेवतो.

मुंबई इलाख्यात प्लेग यायच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी कल्याणचा, नोकरीला ठाण्याच्या मोजणी कचेरीत कारकून. माझ्या शेजारच्या टेबलावर नकाशे उतरवणारा एक ट्रेसर बसे. घोडबंदरच्या वाटेवर एक ख्रिस्ती गाव आहे, तिथला तो. फिरंग्यांच्या अमलात ती गावं ख्रिस्ती झाली, बाकी माणसं भात लावणारी, बोली इथलीच. आम्ही दोघे एकाच वयाचे. तो मला पंत म्हणे आणि ‘तुमी’ म्हणे. मी त्याला ‘अरे’ म्हणत असे. तेव्हा ते कुणालाच वावगं वाटत नसे.

तो डावखुरा होता. लहानपणी बापानं त्याचा डावा हात कमरेला बांधून जेवायला बसवलं होतं, शाळेत पाद्रीबाबांनी त्याच हातावर छड्या मारल्या होत्या. त्यामुळे चारचौघांत तो सगळं उजव्या हातानं करी, आणि जरा अवघडल्यासारखं करी. पण मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि कुणी बघत नाही असं वाटलं की लेखणी हळूच डाव्या हातात जाई. मग जी रेघ निघे ती पाहत राहावी अशी. नदीचं वळण काढलं तर पाणी वाहतं आहे असं वाटे.

त्याला इंग्रजी वाचता येत नसे. नकाशावरची इंग्रजी अक्षरं तो चित्रासारखी उतरवी, एकही न चुकता, अर्थ न कळता. मग मला विचारी, “पंत, काय लिवलंय हे?” मी वाचून सांगे. दिवसातून दहा वेळा विचारी आणि दहाही वेळा मला बरं वाटे. त्याच्या हातात कला होती आणि त्याला माझी गरज होती. हे दुसरं असेपर्यंत पहिलं मला सोसत होतं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

दिवाळीनंतर साहेबाचा मुक्काम जिल्ह्यात हिंडायला निघे. त्या साली तंबू शहाडच्या बाजूला एका आमराईत पडले, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर. निम्मी कचेरी तिथे गेली. आम्ही दोघेही गेलो. मी घरून चालत येई, तो तंबूतच राही. शनिवारी गाडीनं ठाण्याला, तिथून पायी गावाला, रविवारची प्रार्थना करून परत.

साहेब खात्याची मराठीची परीक्षा उत्तम रीतीनं पास झालेला होता आणि त्यामुळे पुस्तकासारखं मराठी बोलत असे. नदीकाठच्या कुरणात त्यानं मुरंब्याचे सहा रिकामे डबे जमिनीत पुरून गोल्फची सहा भोकं केली होती. डॉक्टरसाहेब त्याच्याबरोबर खेळत. त्यांची बदली झाली आणि साहेब एकटा पडला. एका दुपारी तो आमच्या तंबूत आला आणि म्हणाला, “आपणांपैकी कोणास चेंडू ताडन करण्याची इच्छा आहे काय?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. ट्रेसर मला कोपरखळी मारून म्हणाला, “पंत, ताडन म्हंजे?”

“मारणं.”

“मंग तसं बोला ना. येतो मी.”

तो जातो म्हटल्यावर मी मागं राहणार नव्हतो.

कचेरीतले लोक त्या खेळाला गोफ म्हणू लागले. रोज साडेचारला कोणीतरी म्हणेच, “चला, गोफ विणायला चला.” पहिल्या दिवशी साहेबानं लोखंडी पात्याची एक काठी आधी मला दिली. मी ती अशी फिरवली की माझं उपरणं तिला गुंडाळलं गेलं आणि चेंडू होता तिथेच राहिला. साहेबानं उपरणं सोडवलं. मग काठी ट्रेसरला दिली. त्यानंही उजवीकडून मारून पाहिलं, माती उडाली. तो थबकला. साहेबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चोरी करावी तसा चेंडूच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभा राहिला. काठी फिरवून पात्याचं टोक जमिनीकडे केलं, आणि डाव्या हाताचा जोर लावून हाणली.

चेंडू बाभळीवरून गेला. किती वेळ तो वर होता कुणास ठाऊक. नदीकाठच्या चिखलात पडल्याचा आवाजसुद्धा आम्हाला ऐकू आला.

“अति उत्तम!” साहेब ओरडला. “अति उत्तम! उलट्या काठीने!”

ट्रेसर आपल्या डाव्या हाताकडे पाहत होता. तो चेहरा मी विसरलेलो नाही. त्या हातानं आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांसमोर काहीतरी केलं होतं आणि त्याला कुणी मारलं नव्हतं. माझं मन मात्र आंबलं, आणि ते त्या हिवाळ्यात पुन्हा गोड झालं नाही.

मी झटलो. साहेबाकडून खेळाच्या नियमांचं पुस्तक मागून आणलं आणि पाठ केलं. कोणत्या काठीला काय म्हणतात, कोणत्या वेळी कोणती घ्यायची, चेंडू पाण्यात गेला तर काय, सगळं मला येत होतं. त्याला काहीच येत नव्हतं. त्यानं काठ्यांना आपलीच नावं ठेवली होती: लांब लाकडी डोक्याची ती वल्हं, खोल पात्याची ती खुरपं, आणि भोकाजवळ चेंडू हळूच ढकलायची ती पळी. “पंत, खुरपं द्या,” असं तो म्हणे आणि साहेब हसून म्हणे, “होय, खुरपे योग्य आहे.” काही दिवसांनी साहेबही खुरपंच म्हणू लागला. मी पाठ केलेली इंग्रजी नावं ऐकायला कुणी उरलं नाही.

मी त्याचं मनगट बघायचो. तो पाय किती फाकवतो ते मोजायचो. घरी येऊन अंगणात तसाच उभा राहायचो, आणि आई विचारायची, “काय रे, पायात काटा गेला का?” तो चुकला की माझा दिवस चांगला जायचा. त्याचा चेंडू चिरलेला निघाला, त्याच्या कोटाला चिखल लागला, त्याला साहेबानं एकदा “सावकाश” म्हटलं, असल्या गोष्टी मी मनात जपून ठेवायचो.

त्यात मुठीचं चामडं. काठीच्या मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळलेली असते. जोडा मी पायात घालत होतो, पण हाताची गोष्ट वेगळी. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, “कातडं मुठीत धरून त्याच हातानं संध्या करणार का?” म्हणून मी मुठीवर जुन्या पंचाची पट्टी गुंडाळली. सुती कापड आणि घामेजलेला हात. दुसऱ्याच दिवशी काठी हातातून निसटली, गरगरत गेली आणि चरणाऱ्या एका म्हशीच्या पुढ्यात पडली.

“पंत,” ट्रेसर म्हणाला, “तिलाबी खेळायला बोलावताय काय?”

साहेब इतका हसला की त्याला टोपी काढावी लागली. ट्रेसरच धावत जाऊन काठी घेऊन आला, पुसली आणि म्हणाला, “चामड्यावर राख चोळा नि आंघोळ करा. सुटला प्रश्न.” तो चांगल्या मनानं बोलला होता. मला ते विखारी वाटलं.

डिसेंबरात साहेबानं आमराईत सतरंजीवर आपल्या सगळ्या काठ्या मांडल्या आणि आम्हाला समोर बसवलं. तो नाताळासाठी मुंबईला जाणार होता आणि येताना आम्हा दोघांना काठ्या भेट आणणार होता. नवशिक्यानं भारा घेऊन हिंडू नये, असं त्याचं मत. तीन पुरेत: एक वल्हं, एक लोखंडी, एक पळी. काठी जमिनीवर टेकवून ताठ उभं राहायचं, वाकावं लागलं तर ती आखूड, हात वर न्यावे लागले तर लांब. लाकडाचे तंतू सरळ वरपासून खालपर्यंत गेलेले हवेत, आडवे असतील तर पहिल्याच फटक्यात मोडेल. मूठ इतकी जाड असावी की धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकावीत. चेंडू गटापर्चाचे, म्हणजे रबरासारख्या चिकाचे, ते उन्हात मऊ पडतात, म्हणून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायचे. नवी वस्तू घेणाऱ्याचा चेहरा ट्रेसरला तेव्हा आला होता. तो एकेक काठी उचलून डोळ्यासमोर धरून पाहत होता, जसा पट्टीची धार बघे तसा.

“होळीला माझे दोन मित्र येतील,” साहेब म्हणाला. “चौघांचा सामना होईल. तेव्हा आपणांपैकी एक माझा जोडीदार असेल. कोण, ते तुमच्या काठ्या ठरवतील.”

त्यानं मुंबईच्या दुकानाचं एक छापील पुस्तक आमच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, दोघांची यादी करून उद्यापर्यंत द्या. इंग्रजी मला येत होतं, तेव्हा यादी मी करणार हे ठरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ट्रेसर त्या पुस्तकाचं एक पान घेऊन बसला. नकाशे उतरवायच्या पारदर्शक कापडाचा तुकडा त्यावर टाकला आणि काठ्यांची चित्रं उतरवली. चित्रांखालची अक्षरंही उतरवली, अगदी पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ होती तीसुद्धा. तंबूत आम्ही दोघंच होतो. लेखणी त्याच्या डाव्या हातात होती. काम झाल्यावर त्यानं तो तुकडा उजेडासमोर धरला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

“आता वाचा. सगळं वाचा हां पंत, सोडू नका.”

मी वाचत गेलो. ही लांब, ही खोल पात्याची, ही ढकलायची. लाकूड अमुक, मूठ तमुक. तो प्रत्येक चित्रावर बोट ठेवत होता. मग त्याचं बोट तळाच्या ओळीवर आलं.

“आन् हे काय?”

ती ओळ मी आधीच वाचली होती. आदल्या दिवशीच, पुस्तक हातात आल्याबरोबर. तिथे लिहिलं होतं की या सर्व काठ्या डाव्या हातानं खेळणाऱ्यांसाठीही मागणीप्रमाणे करून मिळतील.

“दुकानाचा पत्ता,” मी म्हणालो.

तो ओळीकडे पाहत राहिला. “डाव्या हाताची काठी असते काय हो पंत? मी उलटी धरतो तर टोक मातीत रुततं.”

“नाही. नसते. विलायतेतसुद्धा कुणी डाव्या हातानं खेळत नाही.”

“असं,” तो म्हणाला. मग कापड गुंडाळत, “मंग उजवीच लिवा. शिकेन.”

माझं काम एवढ्यानं झालं नाही. यादी घेऊन मी साहेबाकडे गेलो तेव्हा त्यानं दोन्ही वाचल्या आणि भुवया उंचावल्या. “यांस डाव्या हाताच्या काठ्या नकोत काय? मी त्यांस डाव्या हाताने खेळताना पाहिले आहे.”

मी उत्तर तयार करून गेलो होतो. म्हणालो, “साहेब, आमच्या देशात डावा हात अशुभ मानतात. चार लोकांत तो पुढे करणं त्याला लाजिरवाणं वाटतं. उजव्या काठ्या हव्यात ही त्याचीच विनंती आहे. मात्र साहेबांनी याविषयी त्याच्याशी बोलू नये. त्याला संकोच होईल.”

त्यातला देशाचा भाग खरा होता, म्हणूनच तर ते इतकं सहज पचलं. साहेबानं गंभीरपणे मान हलवली. “मी आपल्या रीतींचा मान राखतो,” तो म्हणाला. आणि त्यानं खरोखरच राखला. एक अक्षर बोलला नाही. एका भल्या माणसाचा चांगुलपणा मी माझ्या कामाला जुंपला होता.

नाताळानंतर काठ्या आल्या. ट्रेसरनं आपल्या तिन्ही काठ्यांच्या दांड्यांना तेल चोळलं, चेंडू नकाशाच्या लाल रंगानं रंगवले, वाळल्या गवतात दिसावेत म्हणून, आणि उजव्या हातानं खेळू लागला. मी बघत होतो. चेंडू डावीकडे जाई, उजवीकडे जाई, कधी जागचा हलतच नसे. कुणालाही काही शिकवायला गेलं की तो माणूस आधी बिघडतो, पण हा शिकतच नव्हता, नुसता बिघडत होता. एकदा वैतागून त्यानं लोखंडी काठी पूर्वीसारखी उलटी धरली. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, “साहेबानं हौसेनं आणलेली काठी उलटी धरतोस? त्याला काय वाटेल?” त्यानं चटकन ती सुलटी केली. साहेब लांबून पाहत होता. त्याला वाटलं, पाहा, किती संकोची माणूस आहे. “अति उत्तम,” तो ट्रेसरला म्हणाला, नुसती माती उडाली होती तरी.

एव्हाना मला बऱ्यापैकी जमू लागलं होतं. लांब नाही, पण सरळ. मुठीवर राख चोळत होतो आणि घरी जाऊन आंघोळ करत होतो. तो उपाय कुणी सुचवला होता हे मी मनात येऊ देत नसे.

होळीच्या शनिवारी दोन साहेब आले. जोडीदार मी होतो. काठ्यांचं ओझं धरायला माणूस हवा होता तर ट्रेसर आपणहून पुढे आला. सहाही भोकांवर तो माझ्या मागून माझ्या काठ्या घेऊन चालला. आणि खरी गोष्ट अशी की कोणत्या वेळी कोणती काठी ते तोच सांगत होता. “वल्हं नको पंत, वारा आडवा हाय. लोखंडी घ्या.” मी त्याचं ऐकलं आणि आम्ही जिंकलो. साहेबानं माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी वळून पाहिलं तर ट्रेसर टाळ्या वाजवत होता, दोन्ही हातांनी, काठ्या काखेत धरून.

मला आनंद झाला का? झाला. आमराईपर्यंत टिकला.

पुढच्या महिन्यात साहेबाची बदली झाली. तंबू उठले, कुरण म्हशींना परत मिळालं, आम्ही ठाण्याच्या टेबलांवर परत आलो. तेव्हाची एक लहानशी गोष्ट मला आठवते. एका सोमवारपासून ट्रेसरनं मला इंग्रजी वाचून मागणं बंद केलं. नकाशा घेऊन उठे, माझ्या टेबलावरून पुढे जाई आणि कोपऱ्यातल्या हेडक्लार्कना विचारी, “साहेब, काय लिवलंय हे?” मला वाटलं, सामन्याचं मनाला लावून घेतलं असेल. मी सुटलो असंच वाटलं. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. पानसुपारी, सुखदुःख, सगळं चालू राहिलं. त्यानं मला पुन्हा कधी काही वाचायला दिलं नाही.

कचेरीच्या कागदांत मी कितीदा तरी लिहिलं असेल, अमक्याला डावलून तमक्यास घेतले. डावलणे. हात लिहीत जाई. एकदा लिहिता लिहिता त्या शब्दात दडलेला हात मला दिसला आणि मी टाक खाली ठेवला. शेजारी तो नदी काढत होता.

मी त्यानंतर गोल्फ खेळलो नाही. निवृत्तीला थोडे दिवस असताना ठाण्यातल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, खुर्च्या, कंदील, कुत्र्याची साखळी. त्यात ती काठी होती. मी सवयीनं उचलली आणि धरल्याबरोबर चूक जाणवली. पातं माझ्या विरुद्ध अंगाला उघडत होतं. डाव्या हाताची. आयुष्यात पहिल्यांदा मी ती प्रत्यक्ष पाहत होतो. साहेबानं सांगितलेलं सगळं तपासलं. तंतू सरळ, लांबी बरोबर, मूठ त्याच्या बोटांना बसेल अशी. घेऊन आलो. ठरवलं, ही त्याला द्यायची आणि सांगून टाकायचं. ठरवल्यावर पाच वर्षं ती कपाटाआड राहिली.

शेवटी एका थंडीत गेलो. तो निवृत्त होऊन गावी राहत होता. काठी पंचात गुंडाळली होती. अंगणात क्रूस, त्याला झेंडूची माळ, बाजूला पेंढ्याची उडवी. त्यानं मला ओसरीवर बसवलं, बायकोला हाक मारली, “अगं, पंत आलेत! केळी आण, पंत आपला चहा घेत नाहीत.”

“आणा चहा,” मी म्हणालो. “आता कोण पाहतंय.”

तो हसला. भिंतीवर मेरीमातेची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, काचेत घातलेला, पिवळा पडलेला तो कापडाचा तुकडा. तीन काठ्या, त्यांच्याखालची अक्षरं, आणि तळाशी ती ओळ. माझी नजर तिथे गेली हे त्यानं पाहिलं.

“वळखलंत? त्या पत्त्यावर गेलो होतो मी एकदा.”

“कुठल्या पत्त्यावर?”

“तुमी सांगितलात तो. तळचा.” बायकोनं आणून ठेवलेलं केळं तो सोलू लागला, डाव्या हातानं. “होळीनंतर सायेबाची बदली झाली ना, तवा. म्हटलं दुकानवाल्यालाच इचारू, डाव्या हाताची नसते तर कोन सुतार करून देईल काय. बोरीबंदरला उतरलो नि हा कागद दाखवत फिरलो. पत्ता कुठं, पत्ता कुठं. गाडीवाला म्हनतो पुढं जा, शिपाई म्हनतो मागं जा. मंग एक पारशी बाबा भेटला. त्यानं चष्मा लावला, वाचलं नि हसायला लागला. म्हनला, अरे बाबा, हा पत्ता नाय.”

त्यानं केळं माझ्यापुढे धरलं.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय. काय लिवलंय ते त्यानं सांगितलं. दुकान समोरच होतं. गेलो नाय.”

“का?”

“खेळनार कोनासंगं? सायेब गेलेला.” आणि मग अगदी सहज, “घ्या ना पंत. घरची हायेत.”

त्यानं आरोप केला नाही. आवाज चढला नाही. तो सोमवार मला तेव्हा कळला, आणि त्याच्यामागची बावीस वर्षंही. बोलायची वेळ हीच होती, दार त्यानंच उघडून धरलं होतं. काठी माझ्या मांडीवर होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “मला तेव्हा इंग्रजी नीट वाचता येत नसे रे.”

त्यानं केळ्याची साल बाजूला ठेवली. नियमांचं अख्खं पुस्तक मी त्याला म्हणून दाखवलं होतं.

“असंल,” तो म्हणाला. “अक्षरं बारीकच होती. मीच काढलेली.”

चहा आला. आम्ही भाताविषयी बोललो, त्याच्या मोतीबिंदूविषयी बोललो. निघताना त्यानं माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बोट केलं. “हे काय आनलंत?”

“काठी,” मी म्हणालो. “म्हातारपणची.”

“मंग टेकत का नाय?”

मी हसलो. तोही हसला. कुंपणापर्यंत सोडायला आला आणि हात हलवत उभा राहिला. कुठला हात ते मी मागे वळून पाहिलं नाही.

दोन पावसाळे गेले आणि तो वारल्याचं कळलं. मी गेलो. शवपेटी अजून उघडी होती. त्याचे दोन्ही हात छातीवर नीट ठेवले होते, उजवा वर, डावा खाली झाकलेला. कुणीतरी रीतीप्रमाणे ठेवले असतील. मला फार वाटलं की ते बदलावेत. पण परक्याच्या घरात, परक्या धर्मात, मी कोण. दफनाच्या वेळी त्याच्या बायकोनं मला पुढे बोलावलं, मातीची मूठ टाकायला लावली. ती म्हणाली, “तुमची आठवण काढत. म्हनत, पंतांनी मना गोफ शिकवला.”

काठी त्या दिवशीही मी नेली होती. तशीच परत आणली.

त्या ओसरीवर केळं हातात धरून जे बोलायचं होतं ते मी तेव्हापासून रोज जुळवतो. आता ते पाठ झालं आहे, एकेकाळी नियमांचं पुस्तक झालं होतं तसं. ते असं आहे: अरे, तो दुकानाचा पत्ता नव्हता. डाव्या हाताच्या काठ्या मिळतात असं तिथे लिहिलं होतं. तुझा चेंडू बाभळीवरून गेला ते मला बघवलं नाही, म्हणून मी ते लपवलं. मला नीट वाचता येत होतं. मला माफ कर.